लिमसाहेबांचे आंबे

नारळी भात पानात निवत चालला होता आणि सलिल आणि अप्पा एकमेकांकडे न बघता भांडत होते. पाध्यांच्या घरात भांडण असंच व्हायचं. बाप आमटीच्या भांड्याशी बोलायचा, मुलगा मिठाच्या वाटीशी, आणि ज्याला समजायचं त्याला बरोबर समजायचं. ऋजुता या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला वाटलं होतं की ही माणसं जरा विचित्रच आहेत. आता तिलाही सवय झाली होती. नजरेला नजर भिडत नाही तोवर काळजीचं कारण नाही, हे ती कधीच शिकली होती.

"एकाही गणिताला रीत लिहिलेली नाही," सलिल मिठाच्या वाटीला म्हणाला. "नुसती उत्तरं. तिथे पायऱ्यांना गुण असतात."

"माडीवर पोचल्यावर जिना मोजत बसतात होय कोणी?" अप्पा आमटीला म्हणाले. "तोंडी गणित आहे तिचं. पावकी, निमकी सगळं येतंय."

"पण उत्तरं बरोबर येत नाहीयेत ना! दर पेपरात सहा-सात चुका. कधी एकाने कमी, कधी अजून काही."

"धांदरटपणा आहे तो. तुझाच गुण घेतलान."

वेदला हसू आलं. त्यानं ते भातात लपवलं. सलिलचा हा धाकटा भाऊ पावसची आंब्याची बाग बघायचा, आणि उर्वीनं कुठेही जाऊ नये असं त्याचं स्वच्छ मत होतं. काकाच्या मोटरसायकलवर पुढे बसून बागेत येणारी पुतणी सिंगापूरला गेली तर मे महिन्यात त्यानं हुकूम कोणावर सोडायचे?

ज्या मुलीवरून हे चाललं होतं ती माईंच्या शेजारी बसून भातातले काजू वेचत होती. उर्वीला नुकतंच अकरावं लागलं होतं. तिचा बाप दोन वर्षं सिंगापूरच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत होता आणि दर रविवारी फोनवर 'आता लवकरच' असं म्हणत होता. हे 'लवकर' एका परीक्षेवर अडून बसलं होतं. तिथल्या सरकारी शाळा परदेशी मुलांना घेत, पण आधी त्यांची परीक्षा घेऊन: इंग्रजी आणि गणित, दोन्हींत पास झालं तरच जागा. खासगी शाळा सलिलच्या आवाक्यातल्या नव्हत्या. ऑक्टोबरात उर्वी पास झाली तर जानेवारीत मायलेकी त्याच्याकडे जाणार होत्या, नाहीतर आणखी एक वर्ष रविवारचे फोन. इंग्रजी ऋजुता बँकेतून आल्यावर घ्यायची. गणित अप्पांकडे होतं, कारण दत्तात्रेय पाध्ये मास्तर घरात असताना गणित दुसऱ्या कोणाकडे देणं म्हणजे त्यांचा अपमान झाला असता.

दोन हजार आठच्या त्या ऑगस्टात सलिल नारळी पौर्णिमेला धरून चार दिवस आला होता. सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं निघायचं, आणि निघण्यापूर्वी परीक्षेचा अर्ज भरायचा की नाही ते ठरवायचं. आल्या आल्या त्यानं लेकीचे सरावाचे पेपर बघायला घेतले आणि प्रत्येकातल्या चुका मोजल्या.

"अप्पा, मी स्पष्ट विचारू?" आता तो वाटीशी बोलत नव्हता. "तुम्ही हिला शिकवताय की थांबवताय? तुम्हाला ती जायलाच नकोय."

नजरेला नजर भिडली. ऋजुताच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला.

अप्पांनी आमटीत पळी फिरवली. चाळीस वर्षं वर्गावर जरब ठेवलेला माणूस, पण त्या क्षणी त्यांना भांड्यातल्या आमटीशीही बोलता येईना. मुलगा म्हणाला त्यातलं अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्याला काय उत्तर देणार?

"उद्या परीक्षा घ्या," माई म्हणाल्या.

सुनेत्रामाई भांडणात पडत नसत. पडल्या की मात्र भांडण संपलं असं समजायचं. "इथे, पडवीत. कडक घ्या, तुमच्या बोर्डासारखी. पन्नासात चाळीस मिळाले तर अर्ज भरायचा, नाहीतर यंदा नाव काढायचं नाही. आणि पोरीला एकटीला बसवून सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. सलिल बसेल, ऋजुता बसेल, वेदही बसेल."

"मी?" वेद दचकला. "माई, मी बारावीला गणित सोडलं ते सुटका म्हणून सोडलं!"

"म्हणूनच बस. पाचवीचा पेपर आहे. घाम फुटतो का बघू."

उर्वीला इतका आनंद झाला की तिनं वेचलेले काजू काकाच्या पानात टाकले.

*

अप्पा निवृत्त होईपर्यंत दहावीच्या परीक्षेला केंद्रसंचालक असत. त्यांच्या केंद्रावर कॉपी झाली नाही, ही त्यांची आयुष्याची कमाई होती आणि ती ते कोणत्याही विषयावरच्या गप्पांत कुठून ना कुठून आणत. रविवारी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, पडवीच्या चार कोपऱ्यांत खडूनं आसन क्रमांक लिहिले आणि पाकिटाला खरोखरीचं लाखेचं सील लावलं. लाख कुठून आली हे माईंनी विचारलं नाही. देवघरातली घंटा मात्र न विचारता नेल्याबद्दल त्या दोन शब्द बोलल्या.

पेपर त्यांनी पहाटे काढला होता. सलिलनं पाठवलेली सिंगापूरची पुस्तकं समोर ठेवून त्यातलीच गणितं निवडली होती. निवडताना एकदा मनात आलंच होतं. जरा अवघड काढली तर? कोणाला कळणार होतं? नात इथेच राहिली असती, संध्याकाळी अंगणात पाढे म्हणत फिरली असती. ते बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि मग त्यांनी पुस्तकात होती तशीच, ना अवघड ना सोपी, गणितं उतरवून काढली. मास्तरकी अंगात इतकी मुरली होती की त्यांना वाईट वागायचं ठरवूनही जमलं नसतं.

"पाणी मिळेल?" परीक्षा सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना वेदनं विचारलं.

"बोलायचं नाही."

"लिमसाहेब कोण ते तरी सांगा. सिंगापुरात बाग कुठली त्याची? सात-बारा आहे काय?"

"आसन क्रमांक चार, ही शेवटची ताकीद."

माई पर्यवेक्षक होत्या. त्या फेऱ्या मारताना प्रत्येकाला कोकम सरबत देत होत्या, आणि ते बोर्डाच्या नियमात बसत नाही हे केंद्रसंचालकांना दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच पेला घेतला. बाहेर सर आली आणि पत्र्यावर ताडताड वाजायला लागलं. आत चौघं चार कोपऱ्यांत बसले होते. ऋजुता ओठ चावत होती, वेद छताकडे बघत बोटं मोजत होता, सलिल नीटनेटक्या पायऱ्या लिहीत होता, आणि उर्वी डोळे मिटून आकडे जुळवत होती, अप्पांनी शिकवल्यासारखे. सलिलनं एकदा वर बघितलं. लेकीचे ओठ हलत होते. दोन वर्षांत ती इतकी मोठी झाली आणि मी ते फोनवरच ऐकलं, असं त्याला वाटलं आणि त्याची एक बेरीज चुकली.

*

अप्पा पेपर तपासायला माजघरात बसले. दार लावलं नाही, पण कोणी आत जायचं नाही हे सगळ्यांना माहीत होतं. बाकीचे स्वयंपाकघरात घावन खात पहिल्या दोन गणितांची उत्तरं पडताळत बसले आणि वेद दोन्ही वेळा "माझं तर वेगळंच आलं" म्हणाला.

थोड्या वेळानं अप्पा बाहेर आले. त्यांचा चेहरा बघून ऋजुतानं गॅस बंद केला.

"वेद," ते म्हणाले, "तुला लाज नाही वाटली?"

"काय केलं मी?"

"पोरीला उत्तरं सांगितलीस. नाहीतर तिची बघितलीस. तिसरं, नववं आणि चौदावं. दोघांची तिन्ही उत्तरं चूक. आणि तिन्ही सारखीच चूक!" त्यांनी दोन्ही कागद पुढे धरले. "बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं. चूक उत्तर सारखं येत नाही. एवढी वर्षं केंद्र चालवलंय मी. माझ्या केंद्रावर कॉपी झाली नव्हती, ती माझ्याच पडवीत झाली!"

"अहो, दोघं दोन कोपऱ्यांत होती," माई म्हणाल्या. "मी होते ना तिथे."

"तू सरबत वाटत होतीस!"

"किती मिळाले तिला?" सलिलनं विचारलं.

"छत्तीस."

 उर्वीनं हातातलं घावन खाली ठेवलं. चाळीस हवे होते. छत्तीस म्हणजे बाबा उद्या जाणार आणि पुढच्या रविवारी फोनवर 'आता लवकरच' म्हणणार. तिला रडू यायला लागलं होतं, पण त्याहून जास्त राग आला होता.

"मी कॉपी नाही केली!" ती ओरडली. अप्पांवर ओरडायचं धाडस या घरात आजवर कोणी केलं नव्हतं, आणि आपण ते केलं हे तिला नंतर कळलं. "आणि माझं उत्तर चुकलेलं नाही! तुम्हीच चुकीचं तपासलंत!"

"मी चुकीचं तपासलं?"

"हो! विचारा मला तिसरं. तोंडी विचारा."

अप्पांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. लिमसाहेबांनी बागेतून तीनशे आंबे उतरवले. एक पंचमांश डागी निघाले. उरलेले डझनाच्या पेट्यांत भरले. तर बाजारात किती पेट्या गेल्या?

"तीनशेचा पंचमांश साठ," उर्वी नाक ओढत म्हणाली. "साठ गेले, राहिले दोनशे चाळीस. बारानं भागले, वीस पेट्या. त्यातली पहिली घरात. बाजारात गेल्या एकोणीस."

"मग?" वेद म्हणाला. "बरोबर आहे की. माझंही तेच. एकोणीस."

अप्पा दोघांकडे बघत राहिले.

"पहिली पेटी घरात कशी काय?" सलिलनं विचारलं.

आता सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. वेदनं तर असं बघितलं, जणू भावानं स्वतःचं आडनाव विचारलं होतं.

"दादा, पहिली पेटी बाजारात जाते होय कधी आपली?" तो म्हणाला. "पाच आंबे देवापुढे, मग गड्यांना, मग आजूबाजूला. आजोबांपासून चाललंय. दलालाचा टेम्पो दारात उभा असला तरी पहिली पेटी उंबऱ्याच्या आत येते. विचारलंन काय तर बाजारात किती गेल्या! एकोणीसच गेल्या."

"संत्र्यांचंही तसंच," उर्वी म्हणाली. "अननसाचंही. पहिली टोपली काढून ठेवली मी."

"आणि बसचं? रिबिनींचं?"

"त्यात कशाला काढायची? रिबिनी झाडाला लागतात होय?"

पहिल्यांदा ऋजुताला हसू फुटलं. तिनं तोंडावर पदर धरला, पण ते थांबेना. मग माई हसल्या, मग वेद, आणि वेदला हसताना बघून उर्वीही, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून. महिनोन् महिने अप्पा ज्याला धांदरटपणा म्हणत होते आणि सलिल रीत न लिहिण्याचा दोष म्हणत होता, ती चूक खुद्द अप्पांनीच तिला शिकवली होती. चार वर्षांची असल्यापासून दर मे महिन्यात तिला खांद्यावर घेऊन ते म्हणायचे, "पहिली पेटी कोणाची गो?" आणि ती ओरडायची, "घराची!" बागेतले अप्पा आणि फळ्यापुढचे अप्पा ही दोन वेगळी माणसं होती आणि त्यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. आज ती समोरासमोर आली, आणि मास्तरांना कुठे बघावं ते कळेना.

"मी पण आधी एकोणीस लिहिलं होतं," ऋजुता डोळे पुसत म्हणाली. "मग वाटलं, हा सिंगापूरचा माणूस आहे, आणि खोडून वीस केलं."

"तू सांगलीची असून तुला आठवलं," माई म्हणाल्या. "सलिल, तुझं काय आलं रे?"

"वीस," सलिल म्हणाला.

त्या गणितात त्याला पूर्ण गुण होते. तरी ते सांगताना त्याला चोरट्यासारखं झालं. याच बागेत तो वाढला होता, पहिल्या पेटीचे आंबे गड्यांच्या घरी त्यानंच कित्येकदा नेऊन दिले होते, आणि गणित सोडवताना त्याला ते एकदाही आठवलं नाही. त्यानं उर्वीकडे बघितलं. तिच्यात कमी काहीच नव्हतं. उलट तिच्यात काहीतरी जास्त होतं, आणि ते त्याच्यातून कधी गळून गेलं हे त्याला सांगता आलं नसतं.

"अप्पा," तो म्हणाला, "त्या तिन्हींचे गुण द्या तिला. सहा होतात. बेचाळीस झाले. विषय संपला."

"नाही."

"नाही? अहो, हिशेब बरोबर आहे तिचा!"

"हिशेब बरोबर, उत्तर चूक," अप्पा म्हणाले. "तिकडचा परीक्षक पावसला येऊन विचारणार आहे काय, की बाई, तुमची एक पेटी गेली कुठे? कागदावर जे आहे त्याला गुण. छत्तीस म्हणजे छत्तीस."

आणि मग पाध्यांच्या स्वयंपाकघरात सगळंच उलटं झालं. काल अप्पांवर तुटून पडलेला सलिल हात जोडून गुण मागत होता. पुतणीनं जाऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला वेद "केंद्रसंचालक खडूस आहे, बोर्डाकडे तक्रार करू" म्हणत होता. आणि जन्मभर नवऱ्याच्या कडकपणाला नावं ठेवलेल्या माई म्हणाल्या, "ते म्हणतात ते बरोबर आहे. फुकटचे गुण घेऊन पोर तिकडे तोंडावर पडेल."

"मग काय करायचं?" ऋजुतानं विचारलं.

अप्पांनी खिशातून पेन काढलं. "फेरपरीक्षा. एकच गणित. चार गुणांचं. आत्ता, इथे, आणि रीत लिहून. तोंडी नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी सलिलकडे न बघता, गॅसच्या शेगडीला सांगितलं. सलिलला ते पोचलं.

ओट्यावरच कागद ठेवला. अप्पांनी उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली आणि उर्वी लिहून घ्यायला लागली. "लिमसाहेबांनी एकशे ब्याण्णव आंबे उतरवले. एक चतुर्थांश डागी. उरलेले बारा-बाराच्या पेट्यांत भरले." इथे ते थांबले. सगळ्यांना वाटलं की आकडे जुळवताहेत. ते आकडे जुळवत नव्हते. "आणि सगळ्या पेट्या बाजारात पाठवल्या. तर बाजारात किती गेल्या... आणि घरी किती राहिल्या?"

उर्वीनं पेन्सिल चावली. एक पायरी लिहिली, त्याखाली दुसरी. अठ्ठेचाळीस वजा केले. भागाकार मांडला. बारा आले. मग ती थांबली. तिच्या मागे उभी असलेली चौघं कागदाकडे बघत होती आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. तिनं पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. 'बाजारात बारा' असं लिहिलं. त्याच्या खाली, जरा दाबून, 'घरी शून्य' लिहिलं.

"झालं," ती म्हणाली. "पण अप्पा, लिमसाहेब चुकले."

"चुकले ते चुकलेच," अप्पा म्हणाले. "अडाणी माणूस आहे. पण गणित त्याचं आहे."

त्यांनी कागद घेतला. पायऱ्या एकेक तपासल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा तपासल्या, कारण शून्याच्या जागी त्यांना नीट दिसत नव्हतं. मग लाल शाईनं चार लिहिले, छत्तीसच्या खाली मांडले आणि बेरीज केली. वेदनं उर्वीला उचलून ओट्यावर बसवलं आणि घावनाचा अख्खा ढीग तिच्यापुढे सरकवला. ऋजुता माईंच्या गळ्यात पडली. सलिल तेवढा जागेवरच उभा होता. त्याला वडलांना काहीतरी सांगायचं होतं, कालच्या बोलण्याबद्दल, आणि त्यासाठी आमटीचं भांडंही समोर नव्हतं.

"उद्या सकाळी सायबर कॅफेत जा आणि अर्ज भर," अप्पा सरळ त्याच्याकडे बघत म्हणाले. "आणि असा तोंड पाडून उभा राहू नकोस. काल बोललास ते खरंच आहे. मला ती जायला नकोच आहे. म्हणून काय नापास करू होय तिला?"